मुख्य सभेच्या हातून निसटलेला आराखडा : पुणे, २००७ ते २०१७

मार्च २०१५ संपत आला असताना राज्य सरकारने पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जागेवर घरे, रस्ते, शाळा, बागा येणार ते ठरवणारा नकाशा आणि नियम, स्वतःच्या ताब्यात घेतला. तोवर या आराखड्याला आठ वर्षे होत आली होती. आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाला होता, जमीनवापराचे सर्वेक्षण झाले होते, मसुदा शहर सुधारणा समितीतून मुख्य सभेत, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभागृहात, जाऊन मंजूर झाला होता, हरकती-सूचनांचे गठ्ठे लागले होते, सुनावण्या आटोपल्या होत्या. उरला होता तो मुख्य सभेचा अखेरचा ठराव आणि सरकारकडे रवानगी. नेमक्या याच ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले १५२ नगरसेवकांचे सभागृह बाजूला सारले गेले आणि काम विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे गेले.

या घटनेचे दोन ठरलेले अर्थ पुण्यात ऐकू येतात. पहिला असा : महापालिकेत राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेसची सत्ता, मुंबईत भाजपचे नवे सरकार, त्यामुळे हा सरळ राजकीय डाव. दुसरा असा : नगरसेवकांनी आराखड्याची वाट लावली होती, सरकारने शहर वाचवले. दोन्हींत थोडेथोडे तथ्य असेलही. पण सभागृहाचा इतका मोठा अधिकार एका आदेशाने जातो आणि शहरात त्याबद्दल फारशी हळहळही वाटत नाही, हे का झाले, याचे उत्तर दोन्हींतून मिळत नाही. नगरसेवकाची नियोजनातली भूमिका समजून घ्यायची तर हाच प्रश्न धरून मागे जावे लागते.

कायद्याने दिलेले पेन

नगरसेवकाला नियोजनात काही अधिकारच नाही, सगळे आयुक्त आणि मंत्रालय ठरवते, ही समजूत फार पसरलेली आहे. नगरसेवकांनाही ती सोयीची पडते. महापालिकेचा कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्ताकडे असतो, हे खरे. नगरसेवक अभियंत्याला हुकूम देऊ शकत नाही, परवानगी देऊ शकत नाही, बिल मंजूर करू शकत नाही. पण विकास आराखडा हा रोजच्या कारभाराचा भाग नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात आराखडा करण्याची जबाबदारी 'नियोजन प्राधिकरणा'वर आहे. महापालिकेच्या हद्दीत हे प्राधिकरण म्हणजे महापालिका आणि तिच्या वतीने बोलणारे तोंड म्हणजे मुख्य सभा.

आराखडा सुरू होतो तो मुख्य सभेच्या ठरावाने. कलम २३ खाली इरादा जाहीर करायचा, मग कलम २५ प्रमाणे हद्दीतल्या प्रत्येक जागेचा आज काय वापर चालला आहे त्याचा नकाशा करायचा. त्यावर मसुदा आधारायचा आणि तो कलम २६ खाली लोकांपुढे ठेवायचा. हरकती आल्या की कलम २८ प्रमाणे नियोजन समिती बसते. तिच्यात महापालिकेचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. समितीचा अहवाल पुन्हा मुख्य सभेपुढे येतो, सभा त्यात बदल करू शकते, आणि मगच कलम ३० खाली आराखडा सरकारकडे जातो. सरकार कलम ३१ खाली अंतिम मंजुरी देते, मंजुरी देताना बदलही करते. म्हणजे शेवटचा शब्द सरकारचा, पण त्याआधी किमान तीन वेळा पेन नगरसेवकांच्या हातात येते. मंजुरीनंतरही ते पूर्ण सुटत नाही. कलम ३७ खाली महापालिकेला एखाद्या आरक्षणात, म्हणजे सार्वजनिक सोयीसाठी राखलेल्या जागेत, फेरबदल करायचा तर प्रस्तावाला सभागृहाचाच ठराव लागतो.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवण्यासारखे १८ विषय आहेत आणि त्यातला पहिलाच विषय नगररचनेसह शहरी नियोजन हा आहे. पहिला क्रमांक मिळाला म्हणून महत्त्व मिळतेच असे नाही, हा भाग वेगळा.

२००७ ते २०१३ : मसुद्याचा प्रवास

पुण्याचा आधीचा आराखडा जानेवारी १९८७ मध्ये मंजूर झाला होता. वीस वर्षांतून एकदा तरी आराखड्याची फेरतपासणी करावी, असे कलम ३८ सांगते. त्यानुसार २००७ ते २०२७ या काळासाठी नव्या आराखड्याचे काम सुरू झाले. जुनी हद्द म्हणजे १९९७ मध्ये गावे घेण्यापूर्वीचे शहर, सुमारे १४७ चौरस किलोमीटर. कायद्यात मसुद्यासाठी दोन वर्षांची मुदत धरलेली आहे आणि ती वाढवून मिळते. प्रशासनाचा मसुदा प्रत्यक्षात सभागृहापुढे आला तो डिसेंबर २०११ मध्ये.

ही तारीख बारकाईने पाहावी. दोन महिन्यांवर, फेब्रुवारी २०१२ मध्ये, महापालिकेची निवडणूक होती. ज्या नगरसेवकांच्या कार्यकाळात सर्वेक्षण झाले त्यांतले बरेच जण परत सभागृहात यायचे नव्हते, आणि जे नवे आले त्यांच्या पुढ्यात हजारो जागांची नोंद असलेले नकाशे आणि अहवाल एकदम येऊन पडले. ७६ प्रभाग, प्रत्येकी दोन नगरसेवक, अशी त्या वेळची रचना होती. पहिल्यांदाच निवडून आलेल्या माणसाला अंदाजपत्रक वाचायला शिकण्यात वर्ष जाते. विकास आराखड्याचा नकाशा वाचणे त्याहून अवघड. रंग, खुणा, आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर हे सगळे जुळवून पाहिल्याशिवाय तो काही बोलत नाही. मग नगरसेवक जे समजते ते आधी पाहतो. आपला प्रभाग, त्यातले ओळखीचे प्लॉट, आणि आपल्याकडे तक्रार घेऊन आलेली माणसे.

शहर सुधारणा समितीत चर्चा होऊन मसुदा मुख्य सभेत आला आणि जानेवारी २०१३ मध्ये अनेक उपसूचनांसह, म्हणजे सभागृहात सुचवलेल्या दुरुस्त्यांसह, मंजूर झाला. ठरावातले बदल नकाशावर उतरवून मसुदा लोकांसाठी प्रसिद्ध व्हायला मार्चअखेर उजाडली. त्यानंतर शहरात जे उसळले ते आराखड्याच्या इतिहासात क्वचितच घडले असेल : ८७ हजारांवर हरकती आणि सूचना.

मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात चार एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकाम) देण्याची तरतूद हा वादाचा एक मोठा भाग होता. पाणी, सांडपाणी, शाळा, मैदाने यांचा हिशेब न करता इतकी दाटी कशी वाढवणार, असा प्रश्न होता आणि तो रास्त होता. दुसरा भाग आरक्षणांचा. शाळेची, बागेची, खेळाच्या मैदानाची जागा निवासी झाली, अमुक रस्ता सरकला, तमुक उठला, यात बांधकाम व्यावसायिकांचे हित पाहिले गेले, असे आरोप जाहीरपणे झाले. त्यांतला कोणता आरोप खरा होता हे ठरवणे या लेखाचे काम नाही. महत्त्वाचे हे की सभागृहाकडे त्या आरोपांना द्यायला उत्तर नव्हते.

उपसूचना नावाचे हत्यार

हे उत्तर का नव्हते, ते उपसूचनेच्या घडणीत दडलेले आहे. मूळ प्रस्ताव समितीकडून किंवा प्रशासनाकडून येतो, त्याला टिपणी असते, आकडे असतात, कायद्याचा आधार दिलेला असतो. उपसूचना मात्र सभागृहातच येते. एक सूचक, एक अनुमोदक, दोन-चार ओळी : अमुक सर्व्हे नंबरवरील अमुक आरक्षण वगळण्यात यावे. कधी ती वाचली जाते, कधी 'वाचली असे समजावे' असे म्हणतात. गटनेत्यांचे आधी ठरलेले असेल तर पाच मिनिटांत एकमताने मंजूर. कारण सांगायची सक्ती नाही. वगळलेल्या शाळेच्या बदल्यात जवळपास दुसरी जागा दाखवायचीही नाही.

यातल्या बऱ्याच उपसूचना प्रामाणिक असतात, हेही म्हटले पाहिजे. वर्षानुवर्षे राहती असलेली सोसायटी सर्वेक्षणात रिकामी जागा म्हणून दाखवली जाते आणि तिच्यावर दवाखान्याचे आरक्षण पडते. अशी चूक प्रशासनाआधी त्या प्रभागाच्या नगरसेवकाला कळते, कारण त्याच रात्री माणसे त्याच्या दारात उभी असतात. ही माहिती नगररचना खात्याकडे नसते आणि कितीही उपग्रहचित्रे घेतली तरी येत नाही. नगरसेवकाची नियोजनातली खरी भर इथेच आहे. पण प्रामाणिक दुरुस्ती आणि कुणाची तरी जागा मोकळी करून देणारी दुरुस्ती, दोन्ही एकाच साच्याच्या दोन ओळींत येतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात फरक कसा करता येणार? सभागृहाने प्रत्येक बदलाला कारण, जागेची आजची स्थिती आणि पर्यायी सोय इतक्या तीन गोष्टी लिहायला लावल्या असत्या, तर चांगल्या उपसूचना आपल्या पायावर उभ्या राहिल्या असत्या. त्या तशा राहिल्या नाहीत, आणि वाईटांच्या पंगतीत बसल्या.

पेठांतला रस्तारुंदीचा वाद हे याचे सगळ्यात बोलके उदाहरण. जुन्या गावठाणात रस्ते रुंद करण्याचे प्रस्ताव आराखड्यात दर खेपेला येतात आणि दर खेपेला नगरसेवक त्यांना अडवतात. अग्निशमन दलाची गाडी आत जाऊ शकत नाही, हे प्रशासनाचे म्हणणे चुकीचे नाही. पण रस्ता रुंद करायचा म्हणजे वाड्याची पुढची खण जाते. तिथे खाली दुकान असते, वर भाडेकरू, आणि मालकी चार भावांत विभागलेली. मागे उरणारी पट्टी इतकी अरुंद की तिच्यावर नव्या नियमाने काही बांधता येत नाही. शिवाय रस्ता रुंद होतो तो जसजसे वाडे पडतात तसतसा, म्हणजे पन्नास वर्षे तो दातेरीच राहतो. पेठेतल्या नगरसेवकाने याला विरोध केला तर तो मतांसाठी केला असे हिणवले जाते. मला हे हिणवणे अन्यायाचे वाटते. मतदाराला काय सोसावे लागेल ते सभागृहात सांगणे हेच तर त्याचे काम. चुकते ते पुढे. विरोध करून विषय संपतो. वाड्यांचे एकत्रित पुनर्बांधकाम कसे करायचे, भाडेकरूंचे काय, छोटी अग्निशमन वाहने चालतील का, हा पर्याय सभागृह कधी लिहून मांडत नाही. रेषा पुसली, आनंद झाला, पुढच्या आराखड्यात तीच रेषा परत.

'स' यादीची सवय

नगरसेवकाला शहर प्लॉटच्या तुकड्यांत दिसते, याला त्याचा स्वभाव कारणीभूत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रकच त्याला ती नजर देते. पुण्याच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी 'स' यादी म्हणून ओळखली जाते. ड्रेनेजची लाइन, पेव्हर ब्लॉक, पथदिवे, बाके, एखाद्या चौकाची कमान. वर्तमानपत्रे ज्यांना कौतुकाने किंवा टोमण्याने 'माननीय' म्हणतात त्यांचे वर्षभराचे राजकारण या यादीभोवती फिरते. आर्थिक वर्ष संपत आले की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात : एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे. कापडी पिशव्या आणि कचऱ्याचे डबे वाटण्यावरून जे वाद झाले तेही याच पैशांतून.

या यादीला नावे ठेवणे सोपे आहे. तुंबलेले गटार हे नागरिकाच्या दृष्टीने आराखड्याहून तातडीचे असते. अडचण अशी की ही यादी आणि विकास आराखडा यांची कधी गाठच पडत नाही. आराखड्यात शाळेसाठी राखलेली जागा ताब्यात घ्यायला पैसे लागतात. ते अंदाजपत्रकात भूसंपादनाखाली ठेवावे लागतात, आणि अंदाजपत्रक मंजूर करतो तोच सभागृहातला नगरसेवक. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यात बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे शहरात किंमत सरळ दुप्पट. टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा एफएसआय देऊन जागा मिळवता येते, पण मालक तयार असला तरच.

वेळही फार नसतो. कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर आताच्या तरतुदीनुसार दोन वर्षांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. आरक्षण सभागृहाने उठवले तर बातमी होते, मोर्चे निघतात. ते पैशाअभावी व्यपगत झाले तर कुणाला पत्ताही लागत नाही. दोन्हींत मैदान जाते. १९८७च्या आराखड्यातला उच्च क्षमता द्रुतगती मार्ग, म्हणजे शहराभोवतीचा सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, तीन दशकांत झाला नाही. त्याची रेषा नव्या आराखड्यातही तशीच आली. मधल्या काळात किती अंदाजपत्रके मंजूर झाली ते मोजून पाहावे.

तीन आणि चार

हरकतींची सुनावणी घेणाऱ्या सात जणांच्या समितीकडे काय आले होते, त्याचा साधा हिशेब मांडू. ८७ हजार हरकती, प्रत्येकीला पाच मिनिटे. सव्वासात हजार तास झाले. रोज आठ तास बसले तर नऊशेहून अधिक दिवस. अर्थात बऱ्याच हरकती एकाच मजकुराच्या, सह्या वेगळ्या, अशा असतात, त्यांचे गट पाडता येतात. तरीही ज्याने मनापासून चार पाने लिहून दिली त्याच्या वाट्याला किती वेळ आला असेल, याची कल्पना येते. सुनावणीचा हेतू ऐकण्याचा. तो या आकड्यापुढे टिकत नाही.

समितीतल्या तीन नगरसेवकांना आणि चार तज्ज्ञांना एकच गोष्ट दोन बाजूंनी दिसत होती. सभागृहाने आधीच मंजूर केलेला मसुदा नगरसेवक-सदस्यांना आपला वाटणार, तो मोडून काढणे म्हणजे आपल्याच पक्षाच्या ठरावाविरुद्ध जाणे. तज्ज्ञांवर असे ओझे नव्हते. समितीतून एकमुखी अहवाल आला नाही. मतभेद होणे गैर नाही, सातही जणांनी मान डोलावली असती तर तेच संशयास्पद ठरले असते. पण मुख्य सभेपुढे फाटलेला अहवाल, बाहेर ८७ हजार हरकतींचा राग आणि मुदत सरत चाललेली, अशा स्थितीत सभागृहाला एकच गोष्ट वाचवू शकली असती : आम्ही प्रत्येक बदल का केला, त्याची कागदावरची नोंद. ती नव्हती. मग मुदतीचे कारण देऊन आराखडा काढून घेणे सरकारला जड गेले नाही. विरोध झाला, तो महापालिकेतल्या सत्ताधाऱ्यांपुरता. ज्या नागरिक गटांनी आदल्या दोन वर्षांत रान उठवले होते, त्यांना सभागृहाच्या बाजूने उभे राहण्याचे कारण सभागृहानेच ठेवले नव्हते.

त्याच सभागृहाची दुसरी गोष्ट

इथवर वाचून नगरसेवक नियोजनाला नालायकच, असे कुणाला वाटले तर त्याने बीडीपीचे, म्हणजे टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाचे, प्रकरण समोर ठेवावे. १९९७ मध्ये पुण्यात ३८ गावे घेतली गेली. नंतर काही वगळली आणि २३ उरली. बाणेर, बावधन, वारजे, कोंढवा ही त्यांतलीच. या गावांच्या आराखड्यात टेकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न होता. उतारांवर मर्यादित बांधकामाला मुभा द्यावी, अशी एक बाजू. टेकड्या पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात, अशी दुसरी. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधी आणि शहरातले पर्यावरणप्रेमी दुसऱ्या बाजूला होते. अखेर मुख्य सभेने ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण टाकण्याचा ठराव केला. सरकारने त्यावर बरीच वर्षे निर्णयच घेतला नाही आणि २०१५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे जुन्या हद्दीचा आराखडा ज्या वर्षी सभागृहाच्या हातून गेला, त्याच वर्षी सभागृहाचा हा ठराव टिकला.

दोन्ही ठिकाणी पुण्याचीच मुख्य सभा, नगरसेवकांच्या प्रभागाच्या गरजाही सारख्याच. फरक असा की बीडीपीत प्रश्न एका प्लॉटचा नव्हता, तो एका वाक्यात सांगता येत होता आणि त्यावर शहरात आधी वाद घडला होता. नगरसेवकाला आपल्या भूमिकेचे कारण जाहीरपणे द्यावे लागत होते. टेकडी दिसते. आरक्षण क्रमांक दिसत नाही. एकेका आरक्षणाचा निर्णय इतक्या उजेडात कधीच होत नाही.

मात्र ही गोष्टही गोड शेवटाची नाही. जागामालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर ठरला. तो इतका तुटपुंजा की जमीन स्वखुशीने द्यायला फारसे कुणी पुढे येत नाही, आणि ताब्यात न आलेल्या उतारांवर बांधकामे चढत राहतात. ठराव करणे आणि त्यासाठी पैसा उभा करणे यांतली दरी इथेही तशीच.

मंजुरीनंतर

विभागीय आयुक्तांच्या समितीने त्याच वर्षी काम पूर्ण केले आणि सरकारने जानेवारी २०१७ मध्ये आराखडा मंजूर केला, काही भाग वगळलेले ठेवून. आधीचा आराखडा १९८७च्या जानेवारीतला. बरोबर तीस वर्षांचे अंतर. २००७ ते २०२७ असे नाव असलेल्या आराखड्याची निम्मी वर्षे मंजुरीआधीच सरली होती. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. प्रभाग आता बहुतेक चार-चार नगरसेवकांचे, एकूण १६२ जागा. ज्या सभागृहावर या आराखड्याच्या अंमलबजावणीचा भार आला त्याने तो ना बनवला होता ना मंजूर केला होता. चार जणांच्या प्रभागात एखादे मैदान का झाले नाही, हे कुणाला विचारायचे तेही नीट ठरत नाही. प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो.

अधिकाऱ्यांच्या समितीने केलेला आराखडा सभागृहाच्या मसुद्यापेक्षा चांगला की वाईट, यावर शहरात अजून एकमत नाही. वेग मात्र नक्की होता. जे मुख्य सभेला वर्षानुवर्षे जमले नाही ते समितीने काही महिन्यांत केले. पण तिला ८७ हजार माणसांपुढे परत जावे लागणार नव्हते, की प्रभागात मते मागावी लागणार नव्हती. समितीने एखादे आरक्षण का काढले किंवा ठेवले, हे नागरिकाने कुणाला विचारायचे? नगरसेवकाचे दार निदान वाजवता येते. ही तुलना करताना लोक वेगालाच गुण देतात, आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही, कारण दार वाजवल्यावर आतून काय ऐकू येते याचा अनुभव त्यांना असतो.

नागरिकांकडून थेट अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. त्यातून येणारी कामे बहुतेक 'स' यादीसारखीच, छोटी आणि गल्लीपुरती. आराखड्यातली आपल्या प्रभागातली आरक्षणे, त्यांतली किती ताब्यात आली, कोणत्या जागेची दहा वर्षे कधी भरतात, असा एक कागद प्रत्येक प्रभाग समितीच्या बैठकीत दर वर्षी ठेवला, तर अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकाला पेव्हर ब्लॉकऐवजी मैदान मागण्याचे कारण तरी मिळेल. यासाठी कायद्यात बदल लागत नाही. सभागृहाने एक साधा ठराव केला तरी पुरे.

या प्रकरणाचे शेपूट २०२१ मध्ये निघाले. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांचा आराखडा कुणी करायचा, यावर लगेच वाद पेटला. मुख्य सभेने खास सभा बोलावून इरादा जाहीर करण्याचा ठराव केला. सरकारने मात्र पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) त्या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. या वेळी पात्रे उलटी होती. महापालिकेत भाजपचे बहुमत, मुंबईत महाविकास आघाडीचे सरकार. सहा वर्षांपूर्वी जे सरकारच्या अधिकाराची बाजू मांडत होते ते आता सभागृहाच्या हक्कावर बोलत होते, आणि जे तेव्हा स्वायत्ततेसाठी भांडले ते आता मुदतीची आणि सोयीची कारणे देत होते. आठ महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, सभागृहाची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आला. आयुक्त हेच प्रशासक. मुख्य सभेपुढे विषय ठेवणारे तेच आणि मुख्य सभेच्या नावाने तो मंजूर करणारेही तेच. त्या सभेत उपसूचना येत नव्हत्या.